गाडीचं रिकॉल: कायदा आला कसा आणि खान्देशात अडतो कुठे

गाडीत कारखान्यातच राहिलेला दोष कंपनीने मालकाला कळवलाच पाहिजे, हे अमेरिकेने १९६६ साली कायद्यात लिहिलं. दुरुस्तीही फुकट करून द्यायची, ही तरतूद तिथे १९७४ मध्ये आली. भारतात असं कलम यायला २०१९ उजाडलं, आणि नियम प्रत्यक्ष लागू झाले १ एप्रिल २०२१ रोजी. तोवर दोष दुरुस्त करायला गाडी परत बोलवायची, म्हणजे रिकॉल करायचं की नाही, हे कंपनीच ठरवत होती.

काही कंपन्या बोलवतही होत्या. फेब्रुवारी २०१० मध्ये पेट्रोल गळण्याच्या शक्यतेमुळे मारुतीने एक लाख ए-स्टार गाड्या तपासायला घेतल्या. जुलै २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने रिकॉलची आचारसंहिता केली. ती ऐच्छिक होती. पाळली नाही तर दंड नव्हता.

वर्षभरातच टवेराचं प्रकरण बाहेर आलं. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने २००५ ते २०१३ या काळातल्या १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. दोष ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा नव्हता, धुराच्या मानकांचा होता. नियम मोडले गेल्याचं कंपनीनेच सरकारला कळवलं. आपल्याकडे ही गाडी घरच्यासारखी. लग्नाचं वऱ्हाड असो, वणीच्या देवीचं दर्शन असो की तालुक्याची काळी-पिवळी, टवेरा ठरलेली. पण देशाच्या मोटार वाहन कायद्यात गाड्या परत बोलवायला लावणारं कलमच तेव्हा नव्हतं. कायद्याची ही उणीव इतक्या ठळकपणे आधी क्वचितच दिसली असेल.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. पर्यावरणाला, गाडीतल्या माणसांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका होईल असा दोष असेल, तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. २०२१ च्या नियमांत १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड ठरला. मालकांनी तक्रारी नोंदवाव्यात म्हणून ‘वाहन’ पोर्टलवर सोय झाली. एका मॉडेलच्या तक्रारी विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या आकड्यापर्यंत गेल्या, की चौकशी सुरू होते.

नेमकं इथेच खान्देशचं घोडं अडतं. शिरपूर किंवा रावेरकडच्या गाडीचा पंप बिघडला, वायरिंग तापलं, तर ती गॅरेजवर जाते. मिस्तरी हुशार असतो, तासाभरात गाडी चालू करून देतो. त्याच्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण तोच बिघाड शंभर गाड्यांत निघाला तरी सरकारी हिशेबात एकही तक्रार चढत नाही. जो दोष मोजलाच जात नाही, त्यासाठी कंपनीला कोण विचारणार?

दुसरी अडचण वयाची. हा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच लागू आहे. आपल्याकडे सुरत, नाशिक, पुण्याहून दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या गाड्या येतात. त्यांतल्या कितीतरी हे वय ओलांडूनच येतात. काही दोष तर उशिराच उघडे पडतात. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमधलं रसायन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने खराब होत गेलं. फुगा उघडताना धातूचे तुकडे उडून जगभरात माणसं मेली. भारतातही होंडाने त्यासाठी टप्प्याटप्प्याने गाड्या बोलावल्या. भुसावळच्या मे महिन्यात उभी राहणारी जुनी गाडी घेताना हे आठवायला हवं. सात वर्षांची मर्यादा वाढवायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सरकारने भाग न पाडताही मोठी रिकॉल होतात. जुलै २०२० मध्ये पेट्रोल पंपाच्या शंकेमुळे वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या बोलावल्या गेल्या. मे २०२१ मध्ये इग्निशन कॉइलसाठी रॉयल एनफिल्डच्या २,३६,९६६ मोटारसायकली. एप्रिल २०२२ मध्ये आगी लागल्यावर इलेक्ट्रिक स्कूटरची पाळी आली. निरोप मात्र कंपनीच्या नोंदीतल्या मोबाइल नंबरवर जातो, आणि तो नंबर बहुतेक वेळा पहिल्या मालकाचा असतो.

म्हणून चौकशी आपणच करायची. आरसीवर १७ अक्षरांचा चेसिस नंबर असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे तसं काही दिसलं तर एक किंवा शून्य समजावं. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर हा नंबर टाकून रिकॉल बघता येतं. नाहीतर जळगाव-धुळ्याच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून तो वाचून दाखवावा. शेजाऱ्याची गाडी बोलावली म्हणजे आपलीही असेल असं नाही, कारण रिकॉल ठराविक तारखांमध्ये बनलेल्या गाड्यांपुरतं असतं. आपली गाडी त्यात निघाली तर मालक कितवा आहे किंवा वॉरंटी संपली का, हे पाहिलं जात नाही. त्या कामाचे पैसे लागत नाहीत.

जुनी गाडी घेताना आरसी आणि विमा बघतो, तसा बयाणा देण्याआधी हा नंबरही तपासावा. व्यवहार झाल्यावर सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत स्वतःचा मोबाइल नंबर घालून घ्यावा. आरटीओत गाडी नावावर झाली, तरी कंपनीकडची नोंद आपोआप बदलेलच असं नाही.