तीन दिवसांचा गोवर आणि पोटातलं बाळ

गौरी-गणपतीत कोकणातलं घर भरतं. चाकरमानी येतात, पडवीत पथाऱ्या पडतात आणि एखाद्या पोराच्या अंगावर बारीक लाल पुरळ दिसतं. ताप जेमतेम, पोर अंगणात खेळतंय. आजी कानामागे हात फिरवते, गाठी लागतात. ‘गोवरच तो, अंथरुणात निंबाचा पाला घाला,’ म्हणते. तिसऱ्या दिवशी पुरळ मावळतं आणि सगळे विसरतात. त्याच घरात दुसरा महिना लागलेली सून मोदकांच्या पाऱ्या करत बसलेली असते. दिवस गेल्याचं तिने अजून कुणाला सांगितलेलंही नसतं.

पण हा गोवर नसून रुबेला असू शकतो. तो इतका साधा दिसतो, म्हणूनच त्याचं भय ओळखायला जगाला फार वेळ लागला. अठराव्या शतकात जर्मन डॉक्टरांनी हा आजार गोवरापासून वेगळा काढला, त्यावरून ‘जर्मन गोवर’ हे नाव पडलं. ‘रुबेला’ हा शब्द 1866 मध्ये हेन्री व्हील या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने सुचवला, तोही भारतातल्या एका साथीचं वर्णन करताना. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘लहानसं लाल’. पुढची पंचाहत्तर वर्षं हा किरकोळ आजारच मानला गेला.

1941 मध्ये सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांना जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक दिसू लागली. आयांशी बोलताना त्यांच्या ध्यानात आलं की आदल्या वर्षीच्या रुबेलाच्या साथीत, दिवस गेल्यावर सुरुवातीच्या काळात, यांतल्या बहुतेकींच्या अंगावर पुरळ आलं होतं. त्यांनी 78 बाळांची नोंद मांडली. कित्येकांच्या हृदयातही दोष होता, पुढे बहिरेपणही लक्षात आलं. आईच्या साध्या तापाने पोटातल्या बाळाला अपंगत्व येतं, हे तेव्हा अनेकांना पटेना. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो, कारण त्यांनी आयांचं बोलणं पुरावा म्हणून ऐकलं.

1962 मध्ये विषाणू वेगळा करता आला. 1964-65 च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे 20,000 बाळं जन्मजात रुबेलाची खूण घेऊन आली. 1969 मध्ये तिथे लस मिळू लागली. ब्रिटनने 1970 पासून मुलग्यांना वगळून शाळकरी मुलींना लस दिली. पण विषाणू मुलग्यांत फिरत राहिला आणि गरोदर बायकांपर्यंत पोचत राहिला. 1988 पासून तिथे सगळ्याच लहान मुलांना लस सुरू झाली. ‘मुलग्याला कशाला ही लस?’ असं उपकेंद्रावर कुणी विचारलं, तर उत्तर हे आहे.

आपल्याकडे गोवर-रुबेला लसीची मोहीम फेब्रुवारी 2017 मध्ये ज्या पहिल्या राज्यांत सुरू झाली, त्यांत गोवा होतं. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर 2018 मध्ये आली. म्हणजे गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याच्या नाक्यापलीकडच्या मुलांना लस मिळाली आणि अलीकडच्यांना पावणेदोन वर्षं थांबावं लागलं. कुपीतल्या पावडरीत द्रावण मिसळलं की चार तासांत ती संपवायची, उरली तर टाकून द्यायची. वाडी-वाडीत विखुरलेल्या घरांतली मुलं त्या वेळात गोळा करणाऱ्या आशाताईंचे कष्ट आपण कधी मोजलेच नाहीत. आता ही लस नवव्या महिन्यापासून आणि पुन्हा सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात, उजव्या दंडावर देतात.

मोहिमेची मर्यादा होती पंधरा वर्षांखालची मुलं. नोव्हेंबर 2003 च्या आधी जन्मलेल्या आपल्या मुली त्यात बसल्याच नाहीत. काहींना लहानपणी आजार होऊन गेला असेल, काहींनी खासगीत एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) घेतली असेल, पण सगळ्यांनी नाही. आज गावोगाव डोहाळजेवणं होतायत ती बरीचशी याच वयाच्या मुलींची, म्हणून मला हे लिहावंसं वाटलं.

पहिल्या बारा आठवड्यांत आईला रुबेला झाला तर दहापैकी नऊ बाळांपर्यंत इजा पोचू शकते, गर्भपातही होतो. विसाव्या आठवड्यानंतर धोका फार कमी. पुरळ उठण्याआधी आठवडाभर माणूस संसर्ग पसरवत असतो आणि अनेकांना पुरळ उठतच नाही, त्यामुळे नुसतं जपून राहणं पुरत नाही. लग्न ठरलं की रक्ताची आयजीजी तपासणी करून घ्यावी; रुबेलापासून बचाव करणारी प्रतिपिंडं अंगात आहेत का, ते तिच्यातून कळतं. प्रतिपिंडं नसतील तर लस घ्यावी आणि महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. गरोदरपणात ही लस देत नाहीत, कारण ती जिवंत विषाणूची असते. चुकून घेतली गेली असेल तर घाबरून गर्भपाताकडे वळू नये, डॉक्टरांशी बोलावं. अशा लसीमुळे जन्मजात रुबेला झाल्याचं आढळलेलं नाही. आणि गरोदरपणात तपासणी झाली, प्रतिपिंडं नाहीत असं कळलं, तर बाळंतपणानंतर, बाळाला अंगावर पाजत असतानाही, ती घेता येते.