वाहतूक विश्लेषणाचं काम केलेल्या इंजिनीअरसाठी ऑस्ट्रेलियाचं कौशल्य मूल्यांकन: अर्ज नेमका कुठे अडतो

कन्सल्टन्सीत राहून ट्रॅफिक सर्व्हे, जंक्शन सुधारणा, डीपीआरमधलं (प्रकल्पाच्या सविस्तर अहवालातलं) वाहतुकीचं प्रकरण अशी कामं केलेले आपल्याकडचे बरेच सिव्हिल इंजिनीअर ऑस्ट्रेलियाच्या १८९, १९० किंवा ४९१ या गुणांवर आधारित कुशल स्थलांतर व्हिसाची तयारी करतात. त्यासाठी आधी कौशल्य मूल्यांकन लागतं आणि इंजिनीअरांचं मूल्यांकन ‘इंजिनीअर्स ऑस्ट्रेलिया’ ही संस्था करते. वाहतूक विश्लेषणाच्या कामाला जवळचा व्यवसाय म्हणजे ‘ट्रान्सपोर्ट इंजिनीअर’, क्रमांक २३३२१५. पदवी सिव्हिलची असली तरी काम वाहतुकीचं असेल, तर हा व्यवसाय निवडता येतो. मी वाचलेल्या अर्जांपैकी जे अडले, त्यांतल्या बहुतेकांचं काम चांगलं होतं. ते कागदावर दिसलं नाही, एवढंच.

पहिला गैरसमज वॉशिंग्टन कराराचा. सदस्य देशांनी एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्यांना मान्यता द्यावी, असा हा करार. भारत २०१४ मध्ये या कराराचा कायम सदस्य झाला, म्हणून ‘माझं कॉलेज एनबीए मान्यताप्राप्त आहे, मला सोप्या मार्गाने जाता येईल’ असं अनेकजण धरून चालतात. एनबीए म्हणजे तांत्रिक अभ्यासक्रमांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, आणि त्याच्या मान्यतेच्या दोन श्रेणी आहेत, टियर-१ आणि टियर-२. करारात फक्त टियर-१ खाली मान्यता मिळालेले अभ्यासक्रम येतात, आणि ते प्रामुख्याने स्वायत्त संस्थांतले असतात. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बहुसंख्य कॉलेजांची मान्यता टियर-२ ची आहे. शिवाय मान्यता कॉलेजला मिळत नाही, एकेका शाखेला मिळते, आणि तीही ठरावीक वर्षांसाठी. तुमच्या शाखेचं आणि तुमच्या वर्षाचं नाव एनबीएच्या यादीत स्वतः पाहा. कॉलेजच्या कमानीवरच्या फलकावर विसंबू नका. यादीत नाव नसेल तर सीडीआरचा, म्हणजे स्वतःची कार्यक्षमता लिहून दाखवण्याचा मार्ग उरतो. आपल्याकडच्या बहुतेकांचा मार्ग हाच.

सीडीआरमध्ये तीन करिअर एपिसोड (स्वतः केलेल्या कामांची वर्णनं), एक समरी स्टेटमेंट (त्यांचा सारांश-तक्ता) आणि एका पानात मावेल अशी सतत शिक्षणाची यादी असते. सोबत बायोडेटा, पासपोर्ट, फोटो, पदवीची कागदपत्रं आणि इंग्रजी परीक्षेचा निकाल जोडायचा. आयईएलटीएस दिली असेल तर चारही भागांत किमान ६ हवेत. सरासरी साडेसहा पण लेखनात साडेपाच, हे चालत नाही.

खरी परीक्षा करिअर एपिसोडमध्ये आहे. प्रत्येक एपिसोड १,००० ते २,५०० शब्दांचा, इंग्रजीत, परिच्छेदांना १.१, १.२ असे क्रमांक देऊन लिहायचा. त्यातला मोठा भाग तुम्ही स्वतः केलेल्या अभियांत्रिकी कामाचा असला पाहिजे. आपल्याकडून येणाऱ्या मसुद्यात मात्र पहिली दोन पानं प्रकल्पाची लांबी, खर्च, क्लायंट आणि कंपनीची थोरवी यांतच जातात. त्यानंतर ‘टीमने सात दिवसांचा व्हॉल्यूम काउंट केला, ओ-डी (प्रवास कुठून कुठे) सर्व्हे केला, अहवाल सादर केला’ असं येतं. परीक्षकाला यातून काहीच मिळत नाही. गाड्या मोजणारी मुलं वेगळी असतात आणि त्या आकड्यांचा अर्थ लावणारा इंजिनीअर वेगळा. मूल्यांकन त्या इंजिनीअरचं आहे.

समजा, शहरातल्या एका चौकाचं विश्लेषण तुम्ही केलंत. दुचाकीला पीसीयू, म्हणजे एका मोटारीच्या हिशेबात वाहनाचं मोजमाप, किती धरलं आणि का, हे लिहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या, म्हणजे आयआरसीच्या, १०६ क्रमांकाच्या मानकात वाहतुकीत दुचाकींचा वाटा ५ टक्के असेल तर ०.५ आणि १० टक्के किंवा जास्त असेल तर ०.७५ असा गुणक आहे. पुण्यासारख्या शहरात दुचाकींचा वाटा त्याच्या कितीतरी पुढे असतो. मग तुम्ही ०.७५ वरच थांबलात, की २०१७ च्या इंडो-एचसीएम या भारतीय रस्ता-क्षमता पुस्तिकेप्रमाणे वेग आणि वाहनाचं क्षेत्रफळ विचारात घेणारी पद्धत वापरलीत? दोन्हींत चौकाची सेवा पातळी (वाहतूक किती सुरळीत चालते याची श्रेणी) बदलली का? बदलली असेल तर वरिष्ठांना काय सांगितलंत? हा एक परिच्छेद सर्व्हेच्या चार पानांपेक्षा जास्त वजनाचा ठरतो.

दुसरं उदाहरण महामार्गाचं. राष्ट्रीय महामार्ग ६६ वरची मोजणी गणपतीच्या आठवड्यात झाली, तर कोकणात जाणाऱ्या गाड्यांमुळे आकडा फुगतो. तो तसाच वार्षिक सरासरीत घातला, तर पुढचं सगळं चुकतं. हंगामी गुणक काढण्यासाठी तुम्ही जवळच्या पेट्रोल पंपांवरची महिन्यामहिन्याची इंधनविक्री मागवली असेल, टोलनाक्याचे आकडे ताडून पाहिले असतील, किंवा मोजणी पुन्हा करायला लावली असेल. कामात हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते लिहावं असं कुणाला वाटतच नाही. नेमकं तेच लिहा.

आणि ऑस्ट्रेलियाला पाठवायचं म्हणून न वापरलेली ऑस्ट्रोड्सची (तिथल्या रस्ते संस्थांच्या संघटनेची) मार्गदर्शक पुस्तकं मजकुरात घुसडू नका. आयआरसीची मानकं वापरलीत तर तीच सांगा. सिड्रा किंवा विसिम ही वाहतूक विश्लेषणाची सॉफ्टवेअर चालवली असतील तर त्यात काय कॅलिब्रेट केलं (प्रत्यक्ष मोजणीशी जुळवलं) ते सांगा. ‘सॉफ्टवेअर वापरलं’ एवढ्याने भागत नाही. मजकूर प्रथमपुरुषी एकवचनी हवा. संकोच बाजूला ठेवा, इथे विनय दाखवला तर नुकसान तुमचंच होतं. नुकतेच पदवीधर झालेल्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पावर एपिसोड लिहिला तरी चालतो.

समरी स्टेटमेंटमध्ये प्रोफेशनल इंजिनीअरसाठीचे १६ कार्यक्षमता घटक असतात. प्रत्येक घटकासमोर तुमच्या एपिसोडमधल्या परिच्छेदांचा क्रमांक द्यायचा. एपिसोड शेवटच्या क्षणी दुरुस्त केला की क्रमांक सरकतात आणि हा तक्ता जुनाच राहतो. अर्ज पाठवण्याआधी तो पुन्हा जुळवून बघा.

‘सीडीआर लिहून देतो, पास होण्याची हमी’ असं सांगणाऱ्यांपासून कळकळीने सांगतो, लांब राहा. तेच नमुने ते दहाजणांना विकतात आणि संस्था मजकुराची साम्यतपासणी करते. नक्कल सापडली तर अर्ज फेटाळला जातो, काही काळ नव्याने अर्ज करायला बंदी येऊ शकते आणि ही बाब ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्यापर्यंत जाऊ शकते. इंग्रजी कच्चं असलं तर कुणाकडून व्याकरण तपासून घ्या, पण काम आणि शब्द तुमचेच असू द्या.

आता कागदपत्रं. पहिला अडसर पदवी प्रमाणपत्राचा. अनेकांकडे पासिंग सर्टिफिकेट आणि गुणपत्रिका असतात, पण पदवीदानाचा अर्ज कधी भरलेलाच नसतो. मूल्यांकनाला पदवी प्रमाणपत्र आणि ट्रान्सक्रिप्ट दोन्ही लागतात, आणि विद्यापीठाच्या खिडकीवर या दोन कागदांना किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. ज्या विद्यार्थ्याने चार वर्षं फी भरली, त्याला स्वतःच्या पदवीच्या कागदासाठी हेलपाटे घालावे लागतात, हे मला आजही पटत नाही. म्हणून एपिसोडचा पहिला शब्द लिहिण्याआधी हा अर्ज टाका. स्कॅन मूळ कागदाचे आणि रंगीत करा.

दुसरा अडसर अनुभवाच्या पत्राचा. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यात पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, मुख्य जबाबदाऱ्या, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क हवा. एचआर मात्र आपला ठरलेला दोन ओळींचा नमुना पुढे करतो. तेव्हा जबाबदाऱ्यांचा मसुदा स्वतः तयार करा, तुमच्या प्रोजेक्ट मॅनेजरकडून तपासून घ्या आणि मग एचआरकडे जा.

व्हिसासाठी अनुभवाचे गुण मिळवायचे असतील तर नोकरीचं वेगळं मूल्यांकन मागता येतं. ते ऐच्छिक आहे, त्याचं शुल्कही वेगळं. त्यासाठी पत्राशिवाय स्वतंत्र पुरावा लागतो आणि आपली मुलं सगळ्यात जास्त इथेच अडतात. पगाराच्या स्लिपा कंपनीच छापते, तेव्हा त्यांच्यावर भिस्त नको. फॉर्म १६, २६एएस (कापलेल्या कराची प्राप्तिकर खात्यातली नोंद), पीएफचं पासबुक या कर आणि पीएफ खात्याशी जोडलेल्या नोंदी भक्कम. पण सुरुवातीचा पगार करपात्र नव्हता म्हणून टीडीएस नाही, आणि मूळ वेतन १५,००० रुपयांच्या वर दाखवून कंपनीने पीएफही कापला नाही, अशी कितीतरी मुलं आहेत. वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) नोंद निघते का बघा. त्या वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं भरली असतील तर तीही काढा. दुसरा घोळ मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचा. पत्र कन्सल्टन्सीचं आणि पीएफ एजन्सीच्या नावावर. अशा वेळी दोघांचा संबंध स्पष्ट करणारं पत्र एजन्सीकडून आधीच घ्या, परीक्षकाने विचारण्याची वाट पाहू नका.

नावांचंही तसंच. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर निराळी मांडणी. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत न विसरता जोडावी.

तारखांबद्दल दोन गोष्टी. व्हिसासाठी इंग्रजीचा निकाल तीन वर्षं चालतो, हे वाचून लोक जुनाच निकाल मूल्यांकनाला लावतात. मूल्यांकनाचा नियम वेगळा आहे, तो संस्थेच्या ताज्या पुस्तिकेत पाहूनच निकाल जोडा. आणि मूल्यांकनाचं पत्र हाती आलं की ते कायमचं झालं असं समजू नका. व्हिसाचं आमंत्रण येईल त्या दिवशी ते तीन वर्षांच्या आतलं असावं लागतं. गुणांसाठी मोजला जाणारा अनुभवही गेल्या दहा वर्षांतलाच आणि पात्रता मिळाल्यानंतरचा धरतात. शेवटच्या सेमिस्टरमध्ये केलेली नोकरी त्यात येत नाही.

जादा शुल्क भरून फास्ट ट्रॅक घेतलं तर फाइल लवकर परीक्षकाच्या हाती जाते, निकालाची तारीख मात्र त्यातून ठरत नाही. परीक्षकाने पोर्टलवर जादा माहिती मागवली तर त्यासाठी दिलेली मुदत पाळा आणि विचारलं तेवढ्याचंच मुद्देसूद उत्तर द्या. प्रोफेशनल इंजिनीअरऐवजी टेक्नॉलॉजिस्ट या वेगळ्या श्रेणीचा निकाल आला तर ट्रान्सपोर्ट इंजिनीअर म्हणून त्याचा उपयोग होत नाही. फेरविचाराची सोय आहे, पण त्यासाठी आधी पत्रात कोणता घटक अपुरा म्हटला आहे ते शोधा आणि तुमच्या एपिसोडमधल्या कोणत्या परिच्छेदात तो दिसतो ते क्रमांकासह दाखवा.