आइस स्क्रूचा कोन: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

आइस स्क्रू, म्हणजे बर्फात फिरवून बसवायचा आणि बाहेर राहणाऱ्या डोक्याला दोरी अडकवायचा आधार, कोणत्या कोनात फिरवावा, यावर इंदूरहून हिवाळ्यात स्पितीच्या गोठलेल्या धबधब्यांवर जाणाऱ्या मराठी मंडळींत आजही दोन मते आहेत. खिळे ठोकण्याच्या काळापासूनचा नियम असा होता की, तंबूच्या खुंटीप्रमाणे डोके ओढीच्या उलट, म्हणजे वरच्या बाजूला कललेले असावे. पुढे आटे असलेले पोकळ स्क्रू आले, तरी नियम तोच राहिला.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत झालेल्या चाचण्यांनी हा नियम उलटवला. डोके वर असले की नळीखालचा बर्फाचा काठ भाराने फुटतो आणि उघडी पडलेली नळी तरफेसारखी वाकते. उलट डोके बर्फातल्या टोकापेक्षा १० ते १५ अंश खाली ठेवल्यास भार आट्यांवर येतो. मात्र हा निष्कर्ष घट्ट, थंड बर्फापुरताच होता, आणि नेमकी ही अट पुढच्या सांगण्यात गळून गेली. त्यात शब्दांचाही घोळ झाला. याच कलाला कोणी ‘धन’ कोन म्हणतो, तर कोणी ‘ऋण’. त्यामुळे निव्वळ चिन्ह वाचून स्क्रू लावणारा नेमका उलटा लावू शकतो. माझ्या मते शिबिरांत ही दोन्ही विशेषणे वापरूच नयेत, ‘डोके खाली’ किंवा ‘डोके वर’ एवढेच स्पष्ट सांगावे.

आइस स्क्रूच्या युरोपीय मानकातील १० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे एक टन वजनाइतका भार, ही हमीही स्क्रूची आहे, समोरच्या बर्फाची नाही. स्क्रूने बर्फात पाडलेली दोन भोके आत जुळवून त्यांतून आधाराची दोरी ओवण्याची सोव्हिएत पद्धत या अमेरिकी चाचण्यांहून जुनी आहे. तिच्याबाबतही अलीकडच्या चाचण्यांत भोकांची उभी जोडी आडवीपेक्षा सरस ठरली.

इंदूरमध्ये आम्ही नवख्यांना कारखान्यातून आणलेल्या बर्फाच्या लादीवर सराव देतो. लादीच्या कडेला स्क्रू फिरवला की नळीतून काचेसारखी सलग कांडी बाहेर येते, मधल्या दुधी भागात मात्र पांढरा भुगा पडतो, कारण तिथे हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. धबधब्यावर असा भुगा दिसला की कोनाचा वाद बाजूला ठेवून आम्ही स्क्रू काढतो आणि घट्ट बर्फ लागेपर्यंत कुऱ्हाडीने वरचा थर खरवडतो.