कोॲपवर नोंदणी झाली म्हणजे आयआयटीला अर्ज झाला, असं नाही

एम.टेक. कॉम्प्युटर सायन्सच्या प्रवेशासाठी आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी

मे महिना लागला की आमच्या प्रवेश-सल्ल्याच्या ऑफिसात कोॲपबद्दल (आयआयटींच्या एम.टेक. ऑफर दाखवणारं सामाईक पोर्टल) एक प्रश्न हमखास येतो. "कोॲपचा राउंड लागला, पण मला एकही ऑफर दिसत नाही. साइटचा काही घोळ असेल, जरा बघता का?" आम्ही विचारतो, "अर्ज कुठे कुठे केलेत?" उत्तर येतं, "केला ना, कोॲपवर." यानंतर आम्हाला करता येण्यासारखं फार काही उरत नाही, कारण बहुतेक आयआयटींचे फॉर्म तोपर्यंत बंद झालेले असतात. दरवर्षी हेच होतं, म्हणून हे पत्रक छापलं. गेट म्हणजे काय, एम.टेक. का करावं, हे इथे सांगत नाही. ते तुम्हाला माहीतच आहे.

चूक का होते तेही आम्हाला कळतं. बारावीनंतर सीईटी दिली, कॅपचा एक फॉर्म भरला, कॉलेजांची यादी पसंतीक्रमाने लावली आणि राउंडमध्ये कॉलेज लागलं. जेईईवाल्यांनी जोसामध्ये हेच केलं. एक फॉर्म, एक यादी, एक निकाल, हीच पद्धत घरातल्या सगळ्यांच्या ओळखीची. आयआयटींचं एम.टेक. तसं चालत नाही. तिथे प्रत्येक आयआयटी स्वतःची जाहिरात काढते, स्वतःच्या साइटवर स्वतंत्र अर्ज घेते, फी वेगळी घेते आणि आपली यादी आपणच लावते. काही विभाग नुसत्या गेट परीक्षेच्या स्कोअरवर घेतात, काही ठिकाणी प्रोग्रामिंगची चाचणी आणि मुलाखतही होते. विभागांचा पसंतीक्रम द्यायचा असेल तर तोही त्या-त्या संस्थेच्या फॉर्ममध्येच.

मग कोॲप कशासाठी? एकच विद्यार्थी चार आयआयटींच्या जागा अडवून बसू नये म्हणून. ज्या संस्थेने तुम्हाला निवडलं तिची ऑफर कोॲपवर दिसते आणि ती घ्यायची की नाही हे तुम्ही तिथेच सांगता. बेंगळुरूच्या आयआयएससीचं एम.टेक.ही याच पोर्टलवरून होतं. चॉइस फिलिंग नावाचा प्रकार कोॲपवर नाही. जिथे अर्जच केला नाही, तिथून ऑफर येणार नाही, स्कोअर कितीही चांगला असो.

घोटाळा वाढतो तो आणखी एका गोष्टीने. आयआयटीचा फॉर्म भरताना कोॲप नोंदणी क्रमांक विचारतात, त्यामुळे कोॲपची नोंदणी आधी करावी लागते. ती झाली, क्रमांक मिळाला, ईमेल आला, की मुलांना वाटतं काम झालं. खरं तर काम तिथून सुरू होतं.

गेल्या हंगामात मिरजेकडचा एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. सातशेच्या पुढचा स्कोअर, खुल्या प्रवर्गातला. मोबाइलवर कोॲपचं पान उघडून दाखवलं, नाव, फोटो, गेटचा नोंदणी क्रमांक, सगळं बिनचूक. ऑफरचा रकाना तेवढा रिकामा. नव्या आयआयटींपैकी दोन-तीन ठिकाणी त्याचा विचार झाला असता. वडील पुन्हा पुन्हा विचारत होते, "आता फोन केला तर घेतील का?" घेत नाहीत. त्याला आम्ही सीसीएमटीकडे (एनआयटी वगैरेंच्या एम.टेक. प्रवेशाची एकत्रित प्रक्रिया) वळवलं, तिथलं काम व्यवस्थित झालं. पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नुसता फोन आला असता तरी पुरलं असतं, याची हळहळ आम्हाला आजही आहे.

म्हणून सांगतो, मार्चमध्ये या. गेटची परीक्षा फेब्रुवारीत होते, निकाल साधारण मार्चच्या मध्यावर लागतो आणि त्याच सुमारास आयआयटींचे फॉर्म सुरू होतात. बरेचसे एप्रिलच्या मध्यापर्यंत बंद होतात. प्रत्येकाची तारीख वेगळी असते आणि दरवर्षी बदलते, त्यामुळे मित्राने सांगितलेल्या तारखेवर विसंबू नका. आयआयटी एकूण 23 आहेत. सगळीकडे अर्ज करायची गरज नाही, पण दोनच ठिकाणी करून थांबू नका.

येताना रँक नको, स्कोअर सांगा. "माझा रँक दीड हजार आहे, मुंबई मिळेल का?" या प्रश्नाला आम्ही उत्तर देत नाही म्हणून काही पालक नाराज होतात. त्यामागे कारण आहे. प्रवेश हजारपैकी मिळालेल्या गेट स्कोअरवर होतो आणि तो स्कोअर तीन वर्षं चालतो. म्हणजे यंदाच्या यादीत मागच्या दोन वर्षांचे उमेदवारही तुमच्याबरोबर असतात. नुसत्या यंदाच्या रँकवरून अंदाज बांधला तर तो फसतो. सीएसबरोबर 2024 पासून सुरू झालेला डेटा सायन्स आणि एआयचा पेपरही दिला असेल तर दोन्ही स्कोअर सांगा. कुठला विभाग कुठल्या पेपरवर घेतो हे बघूनच अर्ज करायचा असतो.

ऑफर आल्यावर तीन बटणं दिसतात. 'ॲक्सेप्ट अँड फ्रीझ' म्हणजे हीच जागा घेतली, पुढच्या राउंडमध्ये तुमचा विचार होणार नाही. 'रिटेन अँड वेट' म्हणजे ही हातात ठेवून चांगलीची वाट बघायची. किती वेळा ठेवता येते हे त्या वर्षीच्या नियमांत वाचा. 'रिजेक्ट अँड वेट' म्हणजे ही सोडली, ती परत येत नाही. मुदतीत काहीच निवडलं नाही तर ऑफर नाकारल्यात जमा होते. पहिल्याच राउंडला घाबरून फ्रीझ करू नका आणि फ्रीझ केल्यावर त्या संस्थेच्या साइटवर फी भरायला विसरू नका. कोॲपवर फी भरली जात नाही, ती संस्थेकडेच भरायची असते.

आता दाखल्यांबद्दल, कारण अर्ज वेळेत करूनही जागा जाते ती इथे. राज्याच्या कॅपला चाललेला दाखला केंद्राच्या संस्थेत चालेलच असं नाही. ओबीसी नॉन-क्रिमीलेयर दाखला भारत सरकारच्या नमुन्यात हवा आणि बहुतेक ठिकाणी त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेला मागतात. राज्याच्या दाखल्यावर तीन वर्षांची मुदत छापलेली असली तरी तिचा इथे उपयोग नाही. धनगर, वंजारी अशा ज्या जाती राज्यात एनटी-सी, एनटी-डीमध्ये आहेत, त्या केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून येतात. मुलं फॉर्ममध्ये एनटी शोधतात, सापडत नाही आणि 'जनरल' टाकून मोकळी होतात. तसं करू नका. एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग आहे, केंद्रीय संस्थांत तो नाही. अशा घरांनी केंद्राच्या ईडब्ल्यूएसचे निकष तपासावेत. आठ लाखांच्या उत्पन्नाबरोबर शेतजमीन आणि घराचीही अट आहे, आणि हा दाखलाही केंद्राच्याच नमुन्यात व त्या आर्थिक वर्षाचा लागतो. तहसील आणि प्रांत ऑफिसला एप्रिल-मेमध्ये किती गर्दी असते हे सांगायला नको. जुनी कागदपत्रं फेब्रुवारीतच गोळा करून ठेवा. नमुना आमच्याकडे छापील मिळतो, त्याचे पैसे नाहीत.

गेटचं स्कोअरकार्डही वेळेत उतरवून घ्या. गेल्या काही वर्षांचा नियम असा की 31 मेपर्यंत ते मोफत, त्यानंतर 500 रुपये, आणि 31 डिसेंबर उलटला की मिळतच नाही. पुढच्या वर्षी हाच स्कोअर वापरायचा असेल तर ते आजच जपून ठेवा.

एनआयटीचं मात्र सोपं. सीसीएमटीवर एक नोंदणी, पसंतीक्रम लावायचा, लॉक करायचा. नागपूरचं व्हीएनआयटी यातच येतं. इथली पद्धत कॅपसारखीच असल्याने मुलं चुकत नाहीत. फक्त कोॲप चालू आहे म्हणून हे सोडू नका, दोन्ही बरोबर चालवा. सीओईपी, व्हीजेटीआय वगैरेंसाठी राज्य सीईटी सेलची कॅप वेगळी असते. गेटवर प्रवेश घेणाऱ्यांना महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळण्याची सोय आहे. पालक हे विचारतातच, म्हणून लिहिलं.

आमच्या कामाबद्दल थोडं. हे सगळं तुमचं तुम्हाला करता येतं, त्यात गुपित काही नाही. मग आमच्याकडे का यायचं? आम्ही तुमच्या स्कोअरवरून मागच्या वर्षांचे कटऑफ समोर ठेवून संस्थांची यादी करतो, प्रत्येकाची शेवटची तारीख एका कागदावर लिहून देतो, दाखल्याचा नमुना तपासतो आणि फी भरण्याआधी प्रत्येक फॉर्म तुमच्याबरोबर बसून ओळीनं वाचतो. राउंड चालू असताना फोनवर उपलब्ध असतो. प्रवेशाची हमी आम्ही देत नाही. जो देतो त्याला आधी विचारा, कशाच्या जोरावर. तुमचा पासवर्ड आम्ही घेत नाही, ओटीपी मागत नाही, आणि फ्रीझ की रिटेन याचं बटण तुमच्या वतीने दाबत नाही. "तुम्हीच करून टाका ना सर" म्हणणाऱ्यांना हे आवडत नाही, पण दोन वर्षं शिकायचं तुम्हाला आहे. बटण तुम्ही दाबायचं, शेजारी आम्ही बसू.

सल्ल्याची पहिली भेट मोफत आहे. पुढच्या कामाचं शुल्क ऑफिसात फलकावर लावलेलं आहे, सगळ्यांना तेच. मार्चअखेर काम सुरू करणाऱ्यांचे सगळे अर्ज त्याच शुल्कात तपासले जातात, मग ते चार असोत की बारा. मेमध्ये आलेल्यांकडून आयआयटी अर्जांचं शुल्क आम्ही घेत नाही, कारण तेव्हा ते काम उरलेलंच नसतं. त्यांच्यासाठी सीसीएमटी आणि राज्याच्या कॅपचं काम करतो.

पहिल्या भेटीला गेटचं प्रवेशपत्र किंवा स्कोअरकार्ड, आतापर्यंतच्या सर्व सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि असतील ते जातीचे व उत्पन्नाचे दाखले आणा. शेवटचं सेमिस्टर चालू असेल तरी चालतं. सीजीपीएचे टक्के घरी काढून आणू नका, विद्यापीठाचं सूत्र बघून ते इथेच काढू. मार्च आणि एप्रिलमध्ये ऑफिस रविवारीही उघडं असतं.