‘काही नही’ म्हणणारा माणूस आणि तंबाखूची चिमूट

अमळनेर-पारोळ्याकडच्या एका परिचित शेतकऱ्याची वेचणीला आलेली कपाशी परतीच्या पावसात दोन दिवस भिजली आणि बोंडे काळी पडली. बांधावर उभ्या असलेल्या त्या गृहस्थांना मी विचारले, “काय व्हयनं भाऊ?” त्यांनी “काही नही” एवढेच उत्तर दिले आणि चंची सोडली. डाव्या तळहातावर तंबाखू, त्यावर बोटाच्या टोकाएवढा चुना, अंगठ्याने सावकाश मळणे, दोन थापा, आणि मग चिमूट खालच्या ओठाआड. चेहरा किंचित सैल झाला. भावनांचे नियमन आणि व्यसन यांच्या संबंधाविषयी मानसशास्त्राला जे म्हणायचे आहे, ते बरेचसे या एका मिनिटात दिसते.

भावनांचे नियमन म्हणजे भावना दाबून टाकणे नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे ‘मन घट्ट कर’ या सल्ल्याचा अर्थ बहुधा तसाच घेतला जातो. किम ग्रॅट्झ आणि लिझाबेथ रोमर या संशोधकांनी २००४ मध्ये ही अडचण मोजण्यासाठी ३६ विधानांची प्रश्नावली तयार केली. मनातल्या भावनेकडे लक्ष नसणे, ती नेमकी कोणती हे न उमगणे, ती मनात आली याचीच लाज किंवा राग वाटणे, अस्वस्थ असताना हातातले काम न सुधरणे, स्वतःवरचा ताबा सुटणे आणि ‘आता यावर काहीच इलाज नाही’ असे वाटणे, अशा सहा बाजूंनी ती या अडचणीकडे पाहते. व्यसनाच्या विळख्यात असलेल्या लोकांमध्ये अशा अडचणी अधिक आढळतात, हे त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे.

यांपैकी भावना न उमगण्याची बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मराठीत खंत, धास्ती, चीड, हुरहूर, घुसमट, कानकोंडेपणा असे शब्द हाताशी असताना पुष्कळ पुरुषांचा सगळा कारभार ‘डोकं उठलंय’ या दोन शब्दांवर चालतो. मानसशास्त्रज्ञ टॉड कॅशडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मद्यपान करणाऱ्या तरुणांच्या रोजच्या नोंदी तीन आठवडे घेतल्या. मनःस्थिती फार बिघडलेली असतानाही ज्यांना आपली भावना बारकाव्याने वेगळी करून सांगता येत होती, ते इतरांपेक्षा कमी प्यायले. धास्ती आहे असे कळले तर कोणाशी तरी बोलता येते, खंत आहे असे कळले तर ती निभावून नेता येते. परंतु नुसतेच ‘कसंतरी होतंय’ असेल, तर ते घालवायला चिमूट किंवा घोट एवढाच उपाय समोर दिसतो.

आता त्या चिमटीकडे परत येऊ. चुना अल्कधर्मी असल्यामुळे तंबाखूतील निकोटीन तोंडाच्या अस्तरातून लवकर शोषले जाते, म्हणजे चुना हा केवळ चवीचा भाग नाही. रक्तातील निकोटीनचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते आणि सवय झालेल्या मेंदूला त्याची उणीव चिडचिड व बेचैनी या रूपाने जाणवू लागते. ही बेचैनी कपाशीची की निकोटीनची, हे त्या माणसाला ओळखता येत नाही, आणि पुढच्या चिमटीने ती शमते तेव्हा तंबाखूमुळे मन शांत होते असा त्याचा पक्का समज होतो. खरे तर जुन्या सावकाराचे देणे त्याच्याकडूनच नवे कर्ज काढून फेडण्याचा हा प्रकार आहे. धूम्रपान सोडलेल्यांवरील २६ अभ्यासांचा २०१४ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांची चिंता, नैराश्य आणि ताण न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झाल्याचे आढळले. (मळण्याच्या त्या एका मिनिटात माणूस थांबतो, श्वास संथ होतो, आणि थोडा आराम त्यातूनही मिळत असावा, असे मला वाटते, त्याचे सारे श्रेय मात्र तंबाखू घेते.)

दारूचे गणित वेगळ्या रसायनांचे, पण त्याच वळणाचे आहे. ती मेंदूतील शांतवणारी यंत्रणा वाढवते आणि उत्तेजित करणारी दाबते. रोज प्यायल्यास मेंदू उलट दिशेने जोर लावू लागतो, म्हणून उतार पडताच झोप मोडते, हात थरथरतात, धास्ती वाढते. भारतात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने सांगितले. या दोन आकड्यांतील अंतर बोलके आहे: पिणारा प्रत्येक जण व्यसनी होत नाही. मन बिघडले की मागचापुढचा विचार न करता काहीतरी करून बसण्याचा स्वभाव, माणूस किती पितो यापेक्षा पिण्यामुळे त्याच्या आयुष्यात किती घोटाळे होतात, याच्याशी अधिक जोडलेला आढळतो.

तरीही सगळे खापर मनावर फोडणे मला मान्य नाही. गल्लीच्या तोंडाशी पुडी मिळत असेल आणि पिकाला भाव मिळत नसेल, तर भावना ओळखण्याचे कौशल्य एकटे किती पुरणार? शिवाय हा संबंध दुहेरी आहे. विचार आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास परिपक्व होतो. त्या आधीच पुडीची सवय लागली, तर दुःखासोबत थोडा वेळ बसून राहण्याचा सराव व्हायचा तो राहूनच जातो.

हा सराव पुढे करता येतो. व्यसनांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी तलफेला लाटेची उपमा दिली: ती चढते, शिखर गाठते आणि तिच्यापुढे मान न तुकवता नुसते पाहत राहिले तर काही मिनिटांत ओसरते. मात्र अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद करू नये; त्यातून झटके आणि जिवावर बेतणारा भ्रम उद्भवू शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

समुपदेशकाने मात्र ‘तुम्हांला अस्वस्थ वाटते का?’ असे छापील मराठीत विचारले, तर आमच्याकडचा माणूस नाहीच म्हणेल. अमळनेरला अहिराणीत ‘करमस नही का?’ असे विचारावे लागते, रावेर-यावलला तेच लेवा बोलीत, आणि सातपुड्यात भिली किंवा पावरीत. त्या बांधावर मीही दुसऱ्यांदा विचारले, तेव्हा भाऊंनी चिमूट थुंकून टाकली आणि सोसायटीच्या कर्जाविषयी अर्धा तास बोलत राहिले.