हाय स्ट्रीटचं कार्ड: शिक्क्यावरचं साल आणि फोटोचं साल

इंग्लंडमधल्या एखाद्या बाजारगावाच्या मुख्य पेठेचं, म्हणजे हाय स्ट्रीटचं, जुनं चित्रकार्ड विकायला आलं की त्याच्या वर्णनात एक साल दिलेलं असतं. बहुतेक वेळा ते टपालाच्या शिक्क्यावरून उचललेलं असतं. शिक्क्यावरून कार्ड पेटीत कधी पडलं ते कळतं. फोटो त्याआधीचा, एवढंच त्यावरून ठरतं. तो दोन महिने आधीचा असेल किंवा पंचवीस वर्षं. हा घोळ या धंद्याच्या इतिहासातच आहे.

पेठांचे फोटो कार्डांच्या आधीपासून विकले जात होते. फ्रान्सिस फ्रिथ या फोटोग्राफरने 1860 मध्ये रायगेट इथे कंपनी काढली आणि गावोगावची दृश्यं विकायला सुरुवात केली. तेव्हाचं तंत्र ओल्या प्लेटचं: काचेवर कलोडियन हे चिकट रसायन ओतायचं, प्लेट ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच तिथल्या तिथे काळ्या तंबूत धुवायची. प्लेटवर काही सेकंद प्रकाश पडू द्यावा लागे. म्हणून त्या काळातली पेठ ओस पडलेली दिसते. माणसं होती, पण चालती माणसं प्लेटवर उमटत नसत, फार तर धुरकट पट्टा राही. 1870च्या दशकाच्या अखेरीस जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा बाजारात आल्या आणि घोडागाडी, टोपलीवाली बाई, फळकुटावर मांडलेला माल हे सगळं फोटोत येऊ लागलं. कॅमेऱ्याकडे टक लावून रस्त्याच्या मधोमध उभी राहिलेली पोरं हीही याच काळाची खूण.

टपालखात्याचं स्वतःचं साधं कार्ड 1 ऑक्टोबर 1870 ला निघालं, अर्ध्या पेनीला. खाजगी छापलेलं कार्ड तिकीट चिकटवून धाडायची मुभा 1 सप्टेंबर 1894 पासून. सुरुवातीचा आकार लहान. 1899 च्या अखेरीस साडेपाच बाय साडेतीन इंच आकाराला परवानगी मिळाली. पण मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायचा असल्यामुळे मजकुरासाठी चित्राशेजारीच जागा सोडावी लागे. जानेवारी 1902 मध्ये मागची बाजू दुभागायला परवानगी मिळाली, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता, आणि चित्राला अख्खी बाजू मोकळी झाली. तेव्हा मागे मधली रेघ असेल तर कार्ड 1902 किंवा नंतरचं. कार्ड, फोटो नव्हे. अर्ध्या पेनीचा दर 3 जून 1918 पर्यंत टिकला. तो पेनीवर गेल्यावर 'उद्या चारच्या गाडीने येते' एवढ्यासाठी कार्ड टाकणं महाग वाटू लागलं.

कार्ड कसं छापलंय हे दहापट भिंगातून दिसतं. नीट रांगेतले ठिपके म्हणजे हाफटोन. सुरकुत्यांसारखी, अळ्यांसारखी वेडीवाकडी कणी म्हणजे कोलोटाइप: काचेवरच्या जिलेटिनवरून थेट छपाई. यातली बरीचशी कामं जर्मनीत, विशेषतः सॅक्सनीत होत. 1914 च्या युद्धाने ती वाट बंद झाली. ठिपकेही नाहीत, कणीही नाही, आणि कार्ड तिरपं धरल्यावर काळ्या भागांच्या कडांना चांदीसारखी झाक दिसते, तर तो खरा ब्रोमाइड प्रिंट, म्हणजे निगेटिव्हवरून फोटोच्या कागदावर काढलेली प्रत. गावातला फोटोग्राफर असे प्रिंट मोजकेच काढी, म्हणून मिरवणूक, पूर, आग असे प्रसंग बहुधा यांतच सापडतात.

मोठ्या प्रकाशकांकडे मात्र निगेटिव्ह वर्षानुवर्षं वापरात राही. पेठ ओळखू येईल इतकी तशीच दिसत असेल तर नवा फोटो काढण्यावर खर्च कशाला? म्हणून चित्राच्या कोपऱ्यातला आकडा आधी बघावा. फ्रिथच्या जुन्या मालिकेतले आकडे ढोबळमानाने कालक्रमाने चढत जातात आणि ते निगेटिव्हचे आहेत, कार्डाचे नव्हेत. डंडीच्या व्हॅलेंटाइन या कार्ड-प्रकाशक कंपनीचा संग्रह सेंट अँड्र्यूज विद्यापीठात आहे. तिच्या आकड्यांवरूनही साल लावता येतं.

आता चित्रात शिरू. श्रॉपशरमधल्या लडलोची ब्रॉड स्ट्रीट चढत जाते ती थेट बटर क्रॉसपर्यंत. अठराव्या शतकातली ही दगडी इमारत, वर घड्याळ. खालून वर काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला असतं, म्हणजे सावल्या डावीकडे पडल्या तर सकाळ, उजवीकडे तर दुपारनंतरची वेळ. घड्याळाचे काटे वाचता आले तर सावलीशी ताडून बघा. 1916 पासून उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असत, हे धरून. दुपारचे तीन आणि सगळ्या दुकानांचे पडदे खाली, तर रविवार, नाहीतर अर्ध्या सुट्टीचा वार. 1911 च्या दुकान कायद्याने आठवड्यातून एक दुपार दुकानं बंद ठेवणं सक्तीचं केलं होतं. मोटारीला नंबर असेल तर फोटो 1904 किंवा नंतरचा, आणि पाटीवर 'एडब्ल्यू' असेल तर गाडी श्रॉपशरचीच. वूलवर्थ या साखळी-दुकानाची पाटी दिसली तर 1909 च्या आधी जायचं कारण नाही. इंग्लंडातलं पहिलं दुकान त्या साली लिव्हरपूलला उघडलं. लडलोच्या किल्ल्यासमोरच्या चौकातलं लाल विटांचं टाउन हॉल 1986 मध्ये पाडलं, तेव्हा ते दिसत असेल तर वरची मर्यादा तीच. मग केलीच्या व्यापारी डिरेक्टरीच्या लागोपाठच्या आवृत्त्या काढून दुकानदारांची नावं जुळवायची. एका दुकानावर विसंबू नये, जुनी पाटी धंदा विकल्यावरही राहते. तीन नावं एकत्र ज्या वर्षांत बसतात तीच वर्षं धरावीत.

रंगांवर मात्र अजिबात भरवसा नको. त्या काळच्या प्लेटांना निळा झटकन दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे तांबडी टपालपेटी फोटोत काळी येते, निळी पाटी पांढुरकी होते आणि आकाश कोरं राहतं. ते कोरेपण झाकायला ढग बऱ्याचदा दुसऱ्याच निगेटिव्हवरून बसवलेले असतात. रंग भरणारा कारागीर परदेशातल्या छापखान्यात. त्याने ती पेठ पाहिलेलीच नसे. म्हणून त्याच विटांचं तेच दुकान एका कार्डावर गुलाबी दिसतं आणि दुसऱ्यावर पिवळट. आज संगणकावर रंग भरणारेही टपालपेटी काळी ठेवतात, तेव्हा निदान तेवढी तरी आधी तांबडी करून घ्यावी.