चेक (इंग्रजी शब्द)

चेक हा इंग्रजीत नाम म्हणूनही चालतो आणि क्रियापद म्हणूनही. तपासणे, अडवून धरणे, बुद्धिबळात राजाला शह देणे, कापडावरचे चौकडे आणि बँकेचा धनादेश हे त्याचे ठळक अर्थ. मराठीत तो इतका मुरला आहे की तो परका आहे हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. (युरोपातल्या चेक लोकांचे नाव देवनागरीत असेच लिहितात, पण त्याचा या शब्दाशी संबंध नाही.)

या शब्दाचे मूळ फारसीतल्या ‘शाह’ म्हणजे राजा या शब्दात आहे. भारतातले चतुरंग, म्हणजे बुद्धिबळाचे जुने रूप, इराणात गेले, तिथून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपात. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर मारा आला की खेळाडू ‘शाह’ म्हणून बजावत असे. तोच उच्चार मध्ययुगीन लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून झिजत झिजत इंग्रजीत पोचला आणि ‘चेक’ झाला. मराठीत मात्र तो फारसीतून ‘शह’ म्हणून आला. म्हणजे शह आणि चेक ही एकाच घरातली भावंडे. एक लवकर आले, दुसरे युरोपाला वळसा घालून इंग्रजांबरोबर आले. ‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’, राजा निरुपाय झाला. आपण संकटावर ‘मात’ करतो तीही याच पटावरची.

शह बसला की हाती घेतलेला बेत सोडून आधी राजा वाचवावा लागतो. त्यामुळे इंग्रजीत ‘चेक’चा अर्थ आधी रोखणे, लगाम घालणे असा झाला, तपासणे हा अर्थ त्यामागून आला. अमेरिकी राज्यव्यवस्थेचे वर्णन करताना ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणतात ते या पहिल्या अर्थाने. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मंजूर केलेले विधेयक अध्यक्ष नकाराधिकार वापरून परत पाठवू शकतो आणि काँग्रेस दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतांनी तो नकार मोडून काढू शकते. मराठीतला ‘चेक’ हा अर्थ घेऊन आलाच नाही. महागाईला चेक केला असे कोणी म्हणत नाही, पण विरोधकांना शह दिला, शहाला काटशह दिला, हे वर्तमानपत्रांत रोज छापून येते. रोखण्याचे काम आधीच्या भावंडाने सांभाळले, म्हणून तपासण्याचे काम धाकट्याच्या वाट्याला आले.

चौकड्यांचा अर्थही बुद्धिबळाच्या पटावरूनच निघाला. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाच्या महसुलाचा हिशेब सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद मेजावर होत असे. मेजावर रेघांचे कापड अंथरलेले असे आणि त्यावर चकत्या मांडून रकमा मोजत. ते पटासारखे दिसे म्हणून त्या खात्याला ‘एक्स्चेकर’ नाव पडले. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणवतो. आपल्याकडे या अर्थाची धाव ‘चेक्सचा शर्ट’ इथपर्यंतच.

बँकेचा चेक तपासण्याच्या अर्थातून आला. बनावट कागद ओळखता यावा म्हणून पडताळ्यासाठी ठेवायच्या स्थळप्रतीला अठराव्या शतकात इंग्लंडात चेक म्हणू लागले. पुढे ते नाव खुद्द कागदालाच चिकटले. ब्रिटिश वर्णलेखन (cheque) वेगळे झाले ते ‘एक्स्चेकर’च्या प्रभावाने. अमेरिकेत जुनेच वर्णलेखन (check) टिकले, आणि तिथे हॉटेलच्या बिलालाही चेक म्हणतात.

भारतात चेकची व्याख्या १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमात (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट), कलम ६मध्ये आहे. सरकारी मराठी त्याला धनादेश म्हणते, व्यवहारात सगळे चेकच म्हणतात. पण चेक ‘वटतो’, आणि हे क्रियापद हुंडीच्या व्यवहारातले आहे. हुंडी वटवायची, त्यावर वटणावळ द्यायची, ही पेढीवरची भाषा. कागद इंग्रजी आला, क्रियापद आपले राहिले, आणि ते अगदी चपखल बसले. न वटलेल्या चेकसाठी कलम १३८ आहे. ते १ एप्रिल १९८९पासून लागू झाले. बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत समोरच्याने पैसे दिले नाहीत तर फिर्याद करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेकची मुदत १ एप्रिल २०१२पासून सहा महिन्यांऐवजी तीन महिने आहे, त्यामुळे कपाटात ठेवून विसरलेला चेक हाती आला तर आधी तारीख बघावी.

‘क्रॉस चेक’ या जोडीने घोटाळा होतो. बँकेत त्याचा अर्थ डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारलेला चेक, जो थेट खात्यातच जमा होतो. कचेरीत ‘एकदा क्रॉसचेक कर’ म्हणजे दुसऱ्या वाटेने खातरजमा कर.

मराठीत सगळ्यात जास्त वापर आहे तो ‘चेक करणे’चा. पेपर चेक करायचे, बीपी चेक करून घ्यायचे, मेसेज चेक करायचा. एसटीत ‘चेकर चढला’ अशी कुजबुज झाली की डुलक्या घेणारेही वरच्या खिशात तिकीट चाचपतात. यात वावगे काही नाही. चेकर, चेकअप, चेकनाका हे शब्द आता मराठीच आहेत. काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. या एका क्रियापदाने कितीतरी नेमकी क्रियापदे बाजूला सारली आहेत. हिशेब पडताळतात, सोने पारखतात, आंबा चाचपतात, आमटी चाखतात, नारळ कानाशी धरून हलवतात. भात झाला का हे बघायला झाकण सरकवून, वाफ चुकवत एक शीत उचलायचे आणि अंगठा-तर्जनीत दाबायचे. मधे कणी लागली तर अजून दोन मिनिटे. ‘भात चेक कर’ म्हटल्यावर यातले बोट, वाफ, कणी काहीच ऐकू येत नाही. बीपी खुशाल चेक करावे; भाताला मात्र ‘शीत दाबून बघ’ हेच म्हणावे.